मदत हवी आहे: रोजच्या कॅलरी आणि प्रोटीन-कार्ब-फॅटचे आकडे कसे ठरवायचे?

मुलुंडकरीण:
स्त्री, वय 38, उंची 158 सेंमी, वजन 74 किलो. मुलुंड ते सीएसएमटी लोकल, ऑफिसात खुर्चीतलं काम, रोज साधारण 6500 पावलं. थायरॉइडची गोळी चालू आहे, टीएसएच नॉर्मल. अंडी, चिकन, मासे चालतात. मंगळवार-गुरुवार शाकाहार, शिवाय संकष्टी. 62 किलोपर्यंत यायचं आहे.

हीच माहिती तीन ॲपमध्ये भरली. एक म्हणतं 1200 कॅलरी, दुसरं 1580, तिसरं 1860. प्रोटीन एकात 60 ग्रॅम, दुसऱ्यात 110. कुठला आकडा धरू? आणि घरी चौघांचा स्वयंपाक एकाच कढईत होतो, त्यातलं माझ्या ताटातलं मोजायचं कसं?

तागडी:
ताई, तिन्ही ॲपचं सूत्र बहुतेक एकच आहे, तुम्ही दाबलेली बटणं वेगळी आहेत. मिफ्लिन-सेंट जॉर हे 1990 चं सूत्र बायकांसाठी असं: 10 × वजन + 6.25 × उंची − 5 × वय − 161. तुमचं येतं 740 + 987.5 − 190 − 161, म्हणजे 1376. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीर साधारण एवढं जाळतं. (पुरुषांसाठी शेवटी −161 ऐवजी +5.)

याला हालचालीचा गुणक लागतो आणि घोळ तिथेच होतो. 1860 वाल्यात तुम्ही 'मध्यम हालचाल' निवडली असणार: गुणक 1.55, खर्च 2134, त्यातून आठवड्याला पाव किलो उतरवायचे रोजचे 275 वजा. 1580 वाल्यात तेच, पण अर्धा किलो, म्हणजे 550 वजा. 1200 ची गंमत वेगळी आहे. 'बैठं काम' 1.2 ने खर्च 1652, आणि आठवड्याला 1 किलो हवं म्हटलं की किलोभर चरबीच्या 7700 कॅलरी भागिले 7, रोजचे 1100 वजा. उरतात 552. एवढं कमी ॲप सांगत नाही, म्हणून ते 1200 वर थांबतं. म्हणजे तो आकडा तुमच्यासाठी काढलेला नाहीच, ती ॲपची खालची मर्यादा आहे.

सकाळच्या गाडीत उभं राहून घामाघूम झालं तरी तो व्यायाम धरत नाहीत. 6500 पावलांना 1.35 पुरे. 1376 × 1.35 म्हणजे 1858. त्यातून 400 वजा करून 1450 धरा. कागदावर आठवड्याला 350-375 ग्रॅम उतरायला हवेत. घड्याळाने दाखवलेल्या 'जाळलेल्या' कॅलरी यात परत मिळवू नका. पावलं गुणकात आधीच आली आहेत.

आता वाटणी. टक्क्यांत ठरवू नका, ग्रॅममध्ये ठरवा. 20 टक्के प्रोटीन 1200 वर 60 ग्रॅम होतं आणि 1860 वर 93. खाणं जितकं कमी कराल तितकं प्रोटीनही घटतं, हवं असतं नेमकं उलट. आयसीएमआर-एनआयएनचं (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) 0.83 ग्रॅम प्रति किलो हे निरोगी माणसाच्या सर्वसाधारण गरजेचं आहे. कॅलरी कापताना स्नायू टिकवायला 1.2 ते 1.6 लागतं, आणि वजन जास्त असेल तर ते लक्ष्याच्या वजनावर धरायचं. 62 × 1.4 म्हणजे सुमारे 85 ग्रॅम. (ते 110 आलं 74 × 1.5 मधून.) फॅट 45 ग्रॅम. प्रोटीन आणि कार्बच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला 9. प्रोटीनचे 340 आणि फॅटचे 405 गेले की 705 उरतात, म्हणजे कार्ब 175 ग्रॅम. फायबर 25 ग्रॅमच्या आसपास. प्रोटीन आणि एकूण कॅलरी सांभाळा. कार्ब-फॅटमध्ये थोडं इकडचं तिकडे झालं तर बिघडत नाही.

आमटीभात:
आकडे तागडींनी दिले, कढईचं मी सांगतो. ग्रॅम दाखवणारा किचन काटा घ्या. रोजच्या कढईचं, कुकरच्या भांड्याचं रिकामं वजन एकदाच करून कपाटाच्या दारावर चिकटवा. मग कच्चं सगळं मोजायचं. समजा मटकीची उसळ: कोरडी मटकी 150 ग्रॅम (500 कॅलरी, 34 ग्रॅम प्रोटीन), तेल 20 ग्रॅम (180), दाण्याचा कूट 20 ग्रॅम (115), कांदा-टोमॅटोचे 50. एकूण 845. शिजल्यावर कढईसकट वजन करा, कढई वजा करा. उसळ 700 ग्रॅम भरली आणि तुम्ही 175 घेतली, तर पाव हिस्सा, 210 कॅलरी. पाणी कितीही घाला, हिशोब चुकत नाही.

पोळीचंही तसंच. कणीक मळण्याआधी पीठ मोजा. 300 ग्रॅम पिठाच्या 10 पोळ्या झाल्या तर एक पोळी 30 ग्रॅम पिठाची, साधारण 100 कॅलरी आणि 3 ग्रॅम प्रोटीन. वर चमचाभर तूप सोडलंत की तीच दीडशेला जाते.

सगळ्यात जास्त चुका कच्चं-शिजलेलं यात होतात. कच्चा तांदूळ 100 ग्रॅमला 350 कॅलरी, शिजलेला भात 100 ग्रॅमला 130. ॲपमध्ये 'तांदूळ' निवडून भाताचं वजन टाकलं की पावणेतीन पट फुगतं. उलट केलं तर तितकंच लपतं. 'एक वाटी वरण' या नोंदीवर तर विश्वासच ठेवू नका, वाटी कोणाची आणि वरण किती पातळ हे ॲपला काय कळणार!

हिशोबनीस:
रोज तेल मोजायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी: महिन्याला घरात किती तेल संपतं ते बघा. चौघांना 3 लिटर लागलं तर ते साधारण 2730 ग्रॅम, म्हणजे माणशी रोज 23 ग्रॅम, 205 कॅलरी. तागडींच्या 45 ग्रॅम फॅटमध्ये हे बसतं. 5 लिटर लागत असेल तर रोजच्या 340 कॅलरी तिथेच, आणि बाकी कितीही काटेकोर मोजलंत तरी उपयोग शून्य. बरणीत तेलाचा मोठा पळा असेल तर आधी तो काढा, 5 मिलीचा चमचा ठेवा. एका चमच्याला 40 कॅलरी.

चहाही विसरू नका. 60 मिली टोन्ड दूध आणि 2 चमचे साखर म्हणजे 75 कॅलरी. चार कपांचे 300. तबेल्याचं म्हशीचं दूध असेल तर दुधाच्या कॅलरी जवळपास दुप्पट.

मुलुंडकरीण:
खूप उपयोग झाला. पण 85 ग्रॅम प्रोटीन 1450 मध्ये बसतं का? आणि मंगळवार-गुरुवारी काय?

आमटीभात:
बसतं, पण जेमतेम. सकाळी 2 अंडी आणि 2 पांढऱ्यांची भुर्जी एक चमचा तेलात, सोबत 1 पोळी: 320 कॅलरी, 22 ग्रॅम प्रोटीन. डब्यात 2 पोळ्या, भाजी, 30 ग्रॅम कोरड्या कडधान्याची बिनकुटाची उसळ, 150 ग्रॅम दही: 540, 21 ग्रॅम. संध्याकाळी गाडी पकडायच्या आधी 30 ग्रॅम फुटाणे, आणि दिवसभरात एक-एक चमचा साखरेचे दोन चहा: 220, 10 ग्रॅम. रात्री कच्च्या वजनाने 120 ग्रॅम बोनलेस चिकन ब्रेस्ट, 40 ग्रॅम तांदळाचा भात, कोशिंबीर, दीड चमचा तेल: 365, 31 ग्रॅम. एकूण 1445 आणि 84.

चिकनऐवजी बांगडा चालेल, फॅट थोडं वाढेल. ओल्या बोंबलात पाणीच फार, तेवढ्याच वजनाला प्रोटीन बरंच कमी.

शाकाहाराच्या दिवशी रात्री 40 ग्रॅम कोरडे सोया चंक्स: 140 कॅलरी, 21 ग्रॅम. सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का. पनीर जपून, 100 ग्रॅमला 18 ग्रॅम प्रोटीन आहे, पण 300 पैकी दोनशेच्या वर कॅलरी फॅटच्या. त्या दोन दिवशी 70-75 वर थांबलात तरी ठीक.

हिशोबनीस:
संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी साधारण अशी: साबुदाणा 60 ग्रॅम, कूट 25, तूप 10, थोडा बटाटा. 480 कॅलरी आणि प्रोटीन 7 ग्रॅम, तेही बहुतेक कुटाचं. वरीचा भात, दही, दूध आणि राजगिरा यांवर दिवस काढलात तर बरं. वर चंद्रोदयानंतर तळणीचे मोदक झालेच, तर तो दिवस हिशोबाबाहेर सोडा, पुढचे दोन दिवस उपाशी राहून भरपाई करू नका.

पार्लेकर_64:
मला शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. हेच आकडे मी धरू का?

तागडी:
नाही, काका. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं अचानक कमी केलं तर साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या आणि किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. किडनी कमजोर असेल तर प्रोटीनचा आकडाही तेच सांगतील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही हे गणित लावू नये.

मुलुंडकरीण:
शेवटचं. काट्यावर वजन रोज वर-खाली झालं तर 1450 चा आकडा कधी बदलायचा?

तागडी:
सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी रोज वजन करा आणि फक्त आठवड्याच्या सरासरीकडे बघा. आदल्या रात्री पापड-लोणचं, सुकट किंवा हॉटेलचं जेवण झालं की मिठामुळे पाणी धरलं जातं आणि काटा किलोभर वर जातो. पाळीच्या आधीही तेच, म्हणून बायकांनी या आठवड्याच्या सरासरीची तुलना मागच्या पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. उलट पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं तर तेही बहुतेक पाणीच.

चार आठवडे सरासरी हललीच नाही तर आधी तेल आणि रविवार तपासा. सहा दिवस रोज 400 वाचवले की 2400 होतात. रविवारी मटण, सोलकढी, वडे आणि दुपारच्या झोपेनंतरची भजी यात त्यातले हजार-दीड हजार सहज परत येतात. नोंदी खरंच चोख असतील तर 100-150 कमी करा, किंवा पावलं 9000 वर न्या. दुसरं आधी करून बघा. 1300 च्या खाली स्वतःहून जाऊ नका. 69-70 किलोला आलात की सूत्र नव्या वजनाने परत मांडा, खर्च 55-70 ने घटलेला दिसेल.

कोळंबीभात:
रवा लावून तळलेल्या सुरमईचं तेल कसं मोजायचं? ते तर सगळं पोटात जात नाही.

आमटीभात:
तव्यावर ओतायच्या आधी तेलाची वाटी काट्यावर ठेवा. तळून झाल्यावर उरलेलं तेल, गळालेल्या रव्यासकट, त्याच वाटीत काढून परत मोजा. फरक भागिले तुकड्यांची संख्या.