दत्तक लेकीच्या टाळूचं ऑपरेशन, पण पूर्वेतिहास कोरा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमची लेक अडीच वर्षांची, तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली. फायलीत ओठाच्या शस्त्रक्रियेची नोंद आहे; जन्माचं वजन, लसींच्या तारखा, आईवडिलांचे आजार, काहीच नाही. पाणी प्यायली की नाकातून येतं, मागून हाक मारली तर वळत नाही. टाळू अशी असली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, म्हणून श्रवणचाचणी तर करतोच आहोत. जोडीला आणखी काही जन्मदोष नाही ना हे पाहायला हृदयाचा इको (सोनोग्राफी), जनुकीय तपासणीही मागावी का? लसी पुन्हा द्यायच्या की आधी अँटिबॉडी तपासायच्या? आणि ऑपरेशननंतर हात तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतात ना, आत्ता कुठे बिलगायला लागलेल्या पोरीला ते कसं सोसवलंत? ‘सगळं ठीक होईल’ नको, अनुभव सांगा प्लीज.