‘खातून’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मंगोलांवरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. चंगीझखानाच्या बायकांसाठी ‘जनानखाना’ आणि ‘रखेली’ असं भराभर लिहून गेले, आता तेच शब्द खटकताहेत.

– खटकले ते बरं झालं, ताई. जनानखाना म्हटला की पडदा आणि बंद दारं आली. मंगोलांत खातून म्हणजे मानाची, लग्नाची बायको, आणि मोठ्या खातूनचा स्वतःचा ‘ओर्दो’ असे. तंबू, बैलगाड्या, गुरं, नोकरमाणसं, सगळं तिच्या हुकमातलं. चंगीझचे असे चार ओर्दो होते : बोर्ते, खुलान, येसुई आणि येसुगेन यांचे. गादीचा हक्क मात्र बोर्तेच्याच चौघांचा, जोची, चगताई, ओगदेई, तुलुई. तिला ‘पट्टराणी’ चपखल बसतं. आणि हा ओर्दो आपल्याला परका नाही. ‘उर्दू’ म्हणजे मुळात छावणी, ती याच शब्दाची.

– मग ‘रखेल’?

– नको. फारसी इतिहासकार खातूनहून खालच्या बाईला ‘कुमा’ म्हणतात. तुर्कीत आज कुमा म्हणजे सवत! त्यांतलाच एक, रशीदुद्दीन, चंगीझच्या बायका आणि कुमा मिळून 500च्या आसपास सांगतो. त्यांतल्या कितीतरी हरलेल्या टोळ्यांतून धरून आणलेल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे लेखात यायलाच हवं. ठेवलेल्या बाईसाठी ‘नाटकशाळा’ हा शब्द आपल्या जुन्या कागदांत सापडतो, पण तो आपल्या दरबारांचा शब्द. मी ‘उपपत्नी’ लिहीन. त्यांच्या मुलांना ‘लेकावळे’, म्हणजे दासीची मुलं, म्हणू नका. चंगीझच्या नातवाला, कुबलाईला, चार राण्यांचे 22 मुलगे आणि उपपत्नींचे आणखी 25, असं मार्को पोलो लिहितो, आणि त्या 25 जणांनाही शूर शिपाई नि मोठे सरदार म्हणतो.

– बाप गेल्यावर मुलगा सावत्र आईशी लग्न करी, तिथे ‘नियोग’ चालेल का?

– अजिबात नाही. नियोगात विधवा दिराकडून मूल मिळवी, तो संततीपुरता, आणि मूल मेलेल्या नवऱ्याचं. इथे संसारच नव्याने मांडला जाई, फक्त सख्खी आई वर्ज्य. कुबलाईचा भाऊ हुलागू याची दोकुज खातून आधी त्याच्या बापाकडे, तुलुईकडे होती. आपला ‘पाट’, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, त्यातल्या त्यात जवळचा, पण पाटात सावत्र मुलगा कुठला यायला? सरळ ‘बापाच्या विधवेशी लग्न’ लिहा. आणि प्रत्येक विधवेच्या बाबतीत तसंच घडलं असंही लिहू नका. तुलुईची बायको सोर्खोख्तानी हिला ओगदेईने आपल्या मुलाचं, गुयुकचं स्थळ सुचवलं. मुलं वाढवायची आहेत, असं सांगून तिने ते परतवलं. त्याच मुलांपैकी मोंगके आणि कुबलाई पुढे खान झाले.