निसान बुडाली ती गोन गेल्यामुळे? माफ करा, पटलं नाही

जुना पाना

परवा शाळेच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. सारांश असा: 'एका परक्या माणसाने, कार्लोस गोनने, जपानची मेलेली मोटार कंपनी निसान जिवंत केली, जपान्यांनी त्यालाच तुरुंगात डांबलं, आता बघा कंपनीची काय दशा झाली. कर्म कोणाला चुकत नाही.' खाली तीसेक जणांचे जोडलेले हात. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते आवरेना, म्हणून इथे.

आधी जे खरं आहे ते. १९९९ साली निसानवर सुमारे २ लाख कोटी येनचं कर्ज होतं. फ्रान्सच्या रेनो मोटार कंपनीने ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि कार्लोस गोनना पाठवलं. ऑक्टोबरात योजना जाहीर झाली: २१,००० नोकऱ्या कमी, पाच कारखाने बंद, खरेदीचा खर्च तीन वर्षांत २० टक्क्यांनी खाली. त्या वर्षीचा तोटा ६८,००० कोटी येनच्या वर आणि पुढच्याच वर्षी ३३,००० कोटी येनचा नफा. हे कोणी नाकारत नाही. मीही नाही.

पण रोग जुना होता आणि तो गाडीत नव्हता, कार्यालयात होता. १९५३ च्या संपात कंपनीने जुनी युनियन मोडली, आपल्या सोयीची दुसरी उभी केली. बँकेतून आलेले कावामाता पुढे सोळा वर्षं अध्यक्ष. नव्या युनियनचे शिओजी इतके वजनदार झाले की इंग्लंडमधल्या कारखान्यावरून अध्यक्षांशी जाहीर भांडले. यॉट बाळगून होते गृहस्थ. कातायामांनी अमेरिकेत निसानच्या गाड्यांचं डॅटसन हे नाव शून्यातून उभं केलं, २४०झेड ही स्पोर्ट्स गाडी विकून दाखवली, त्यांना १९७७ मध्ये परत बोलावून घेतलं. आणि १९८१ मध्ये मुख्यालयाने ठरवलं की डॅटसन नाव पुसायचं, सगळीकडे निसान लिहायचं! लोकांनी वीस वर्षं लक्षात ठेवलेलं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. अशी कंपनी १९९९ ला तिथे पोचली यात नवल ते काय.

आता दुसरा अर्धा भाग, जो पोस्टवाले सोयीस्करपणे गाळतात. २००५ पासून गोन रेनोचेही प्रमुख. एक पाय पॅरिसला, एक योकोहामाला. २०११ मध्ये 'पॉवर ८८': जगाच्या बाजारात ८ टक्के वाटा, ८ टक्के नफा. आकडा गाठायचा म्हणून अमेरिकेत सवलतींवर सवलती, भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना घाऊक विक्री. गाडी बाजारात स्वस्त झाली की नावही स्वस्त होतं. १९ नोव्हेंबर २०१८ ला स्वतःचा पगार हिशोबात कमी दाखवल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली तेव्हा घर आतून पोखरलेलंच होतं. आणि पोखरणारा वाळवीचा डॉक्टर म्हणूनच आला होता.

टर्बो पंत

ती पोस्ट मीच टाकली होती, पाना. ग्रुपवर बोलला असतास तर बरं झालं असतं. असो.

गोन येण्याआधी डायमलर येऊन, हिशोब पाहून, हात झटकून गेली होती. कोणी हात लावायला तयार नव्हतं. त्या माणसाने भाषा येत नसताना कारखाने पालथे घातले, निरनिराळ्या खात्यांतल्या मधल्या फळीतल्या पोरांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच योजना काढून घेतली. इसुझूमधून नाकामुरांना आणून डिझाइन त्यांच्या हाती दिलं. ३५०झेड, जीटी-आर, २०१० मध्ये लीफ. टोयोटा हायब्रिडवर खूश होती तेव्हा हा माणूस विजेची गाडी विकत होता! हे सगळं वाळवी का?

आणि तो गेल्यावर काय दिवे लागले? २०२४-२५ चा तोटा ६७,०९० कोटी येन. २०,००० लोक कमी करणार, १७ कारखान्यांचे १० करणार. मुख्यालयाची इमारत विकून तिथेच भाडेकरू. होंडाशी विलीनीकरणाची सोयरीक जमवायला गेले, दीड-दोन महिन्यांत फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडली. नवरदेव कोण हेच ठरेना. आधी म्हणे दोघे बरोबरीचे, मग होंडा म्हणाली तुम्ही आमच्या हाताखाली या.

सुभेदार (नि.)

निसान म्हटलं की मला फक्त जोंगा आठवते. लष्कराची गाडी, जबलपूरला बनायची, मूळ निसानची 'पेट्रोल' (Patrol) नावाची जीप. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, त्याची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. १९६९ ते १९९९. लिलावात एक घेतली आहे. मागच्या पाट्यांच्या शॅकलची (पाटे गाडीला जोडणाऱ्या कडीची) पिन झिजली आहे. कोणाला मिळण्याचं ठिकाण ठाऊक आहे का?

शारजा-गुहागर

सुभेदार साहेब, सलाम. पेट्रोलला नावं ठेवणाऱ्याने एकदा आखातात यावं. ४.८ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. शुक्रवारी वाळूच्या टेकडीखाली इथली पोरं रांग लावतात, टायरमधली अर्धी हवा सोडतात, आणि एकेक पेट्रोल उभ्या भिंतीवर चढल्यासारखी जाते. आवाज पोटात घुमतो. मी स्वतः अकरा वर्षं निसानच्या पिकअपवर माल पोचवला. गुहागरचं घर त्या पिकअपने बांधलं. तोटा किती, अध्यक्ष कोण, इथे कोणाला पडलेली नाही.

सेक्टर सात

पानांनी एक ओळ लिहिली आणि पुढे गेले. 'खरेदीचा खर्च २० टक्क्यांनी खाली.' पंत, त्या ओळीत माणसं असतात. मी भोसरीत टर्निंगचं (लेथवर सुटे भाग कातायचं) काम करतो, चौदा पोरं आहेत. निसानला माल देत नाही, कधी दिला नाही. पण गोन साहेबांची पुस्तकी शिकवण घेऊन एका मोठ्या ग्राहकाकडचा पर्चेसवाला माझ्याकडे आला होता. नाव घेत नाही, पोट आहे.

केबिनमध्ये बसला नाही, थेट मशीनपाशी गेला. वापरून टाकलेल्या इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्यांचा, डबा होता, तो उपडा केला. एकेक उचलून कडा मोजल्या. म्हणाला, 'चौथी कड अजून चालली असती. तुम्ही पैसे फेकताय.' मग रेटमध्ये पाच टक्के कापले. पुढच्या वर्षी आणखी पाच, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. पेमेंट नव्वद दिवसांनी. आम्ही चौथी कड चालवली. तीन महिन्यांनी पिनांवर बर (कापल्यावर उरणारी खरबरीत धार) राहिली म्हणून अख्खा लॉट परत आणि वर नुकसान आमच्या नावे टाकणारी डेबिट नोट. ती चौथी कड मला एक लाख ऐंशी हजाराला पडली.

तेव्हा मसीहा वगैरे मला सांगू नका. निसानने तेव्हा पुरवठादार १,१४५ वरून ६०० पर्यंत आणायचं ठरवलं होतं. बाकीच्या साडेपाचशेंचं पुढे काय झालं, त्यावर कोणाची पोस्ट फिरत नाही.

एल वन (निवृत्त)

मी तीस वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलो, म्हणून बोलतो. सेक्टर सात, तुमचं दुःख समजतं, पण अर्धीच गोष्ट सांगताय. दर वर्षी व्हेंडर येऊन रडतो, स्टील वाढलं, वीज वाढली. स्टील उतरलं की कोणी येत नाही. मी एका ठिकाणी कॉस्टिंग मागितलं तर सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, ५२ सेकंद लिहिलेला. घड्याळ लावून उभा राहिलो. ३४. मालक म्हणाला, आज ऑपरेटर उत्साहात आहे.

निसानची गोष्टही हीच होती. शेकडो पुरवठादार कंपन्यांचे शेअर निसानकडे, निवृत्त साहेब पुरवठादाराकडे सल्लागार. भाचा म्हणून भाव मान्य. गोननी ते शेअर विकले आणि म्हणाले, भाव सांगा. यात पाप काय?

सेक्टर सात

३४ सेकंदात जॉब चढवणं, गेज लावणं, चिप काढणं, पोराने पाणी पिणं धरलं होतं का? पोराने पाणी प्यायचं असतं, साहेब.

एल वन (निवृत्त)

पाणी प्यायला १८ सेकंद लागत नाहीत. दर जॉबला तर नाहीच.

टर्बो पंत

अहो, धागा निसानचा आहे. भोसरीचा नाही.

सेक्टर सात

पंत, तुमच्या गाडीतले सगळे नट-बोल्ट आकाशातून पडलेत वाटतं. भोसरी नको, पण गाडी हवी. आणि एल वन साहेब, तुम्ही त्या पर्चेसवाल्याचे गुरू असाल तर एक लाख ऐंशी हजार कुठे पाठवायचे ते कळवा. नाही, कुठून मागायचे ते कळवा.

एल वन (निवृत्त)

वैयक्तिक होऊ नका. डेबिट नोट तुमच्या बरवर निघाली, माझ्या नावावर नाही.

ओप्पामाची वहिनी

मी योकोसुकाला राहते, ओप्पामाच्या कारखान्यापासून दोन स्टेशनं. १९६१ सालचा कारखाना. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं की मार्च २०२८ पर्यंत इथलं उत्पादन थांबवून क्यूशूला नेणार. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये कोणी आवाज वाढवून बोललं नाही. शेजारच्या आजोबांनी आयुष्यभर तिथे पेंट शॉपला काम केलं. मी विचारलं, गोन वाईट होते का? ते म्हणाले, मुरायामाचा कारखाना बंद झाला तेव्हा आम्ही इथे टाळ्या वाजवल्या, कारण तो आमचा नव्हता. मूळचा प्रिन्स कंपनीचा, १९६६ च्या विलीनीकरणात आलेला. स्कायलाइन त्यांचीच. 'आता आमची पाळी,' एवढं म्हणून कुंड्यांना पाणी घालायला गेले.

दुसरं. सेक्टर सात, तुम्हाला आवडेल आणि पानांना आवडणार नाही अशी गोष्ट. मार्च २०२४ मध्ये जपानच्या फेअर ट्रेड कमिशनने निसानला ठपका दिला. ३६ पुरवठादारांची बिलं मुकाट्याने कापली, दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे ३०२ कोटी येन. छोट्या पुरवठादारांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा झाल्यापासूनची सर्वांत मोठी रक्कम. तेव्हा गोन जपानमधून पळून बेरूतमध्ये होते, चार वर्षांपासून. निसानचे तेव्हाचे प्रमुख उचिदा, त्यांचं राज्य होतं.

टर्बो पंत

घ्या! वहिनी, मनापासून आभार. पाना, आता बोल. ३६ जणांचे खिसे गोनने बेरूतमधून कापले का?

जुना पाना

चूक झाली, दंडवत घालतो, हवा तर साष्टांग. वाळवी एकट्या गोनची नव्हती. पण पंत, कापायची सवय कोणी लावली? गोननंतर गादीवर बसलेले साइकावा मूळ खरेदी खात्यातलेच, गोननी वर काढलेले. गोनना अटक झाली त्या रात्री पत्रकारांसमोर 'सत्ता एकाच माणसाच्या हाती एकवटली होती' म्हणणारेही तेच. आणि पुढच्या सप्टेंबरात स्वतःलाच शेअरच्या हिशोबातून ज्यादा पैसे मिळाल्याच्या प्रकरणात पायउतार. गुरू बदनाम झाला, विद्या शाबूत राहिली.

शारजा-गुहागर

पेटीतून पळाला तो माणूस. मोठ्या आवाजाच्या सामानाच्या पेटीतून, ओसाकाच्या विमानतळावरून! निर्दोष माणूस पळतो का?

टर्बो पंत

शंभराहून जास्त दिवस कोठडी, वकील बसू न देता चौकशी, जामिनावर सुटल्यावर बायकोला भेटायला बंदी. जिथे खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त लोक दोषी ठरतात, तिथून मीपण पेटीत बसलो असतो. त्यांच्याबरोबर पकडलेले निसानचे संचालक केली, त्यांना न्यायालयाने बहुतेक आरोपांतून सोडलं, एका वर्षाच्या हिशोबाबद्दल सहा महिने, तेही स्थगित. एवढ्यासाठी एवढा तमाशा?

ओप्पामाची वहिनी

कोठडीबद्दल पंतांशी सहमत. इथले वकीलही तेच म्हणतात. पण पंत, कंपनीच्या पैशाने बेरूत आणि रिओला घरं कशाला लागतात, ते काही मला अजून समजलेलं नाही.

टर्बो पंत

बरं, घरं मान्य. घरं जास्त झाली.

एल वन (निवृत्त)

मुद्द्यावर येतो. गोननी एक गोष्ट चुकवली, आणि ती माझ्याच धंद्यातली आहे. स्वस्तात बनवायच्या आपल्या पद्धतीला 'फ्रुगल इंजिनिअरिंग' हे नाव त्यांनीच दिलं, आपल्याला भारी वाटलं. मग २०१४ मध्ये तेच पुसलेलं डॅटसन नाव शोधून काढून आपल्याकडे 'गो' आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या टकरीत शून्य तारे. संस्थेने गोनना पत्र लिहून गाडी मागे घ्यायला सांगितलं. २०२२ मध्ये डॅटसन पुन्हा बंद. भाव कमी करायला माझी कधी ना नव्हती. पण पत्रा आणि वेल्ड यांत हात घालायचा नसतो. तिथे मी स्वतः व्हेंडरला जास्तीचे पैसे दिलेत.

सेक्टर सात

जास्तीचे? पर्चेसने? तारीख सांगा, देव्हाऱ्यात लिहून ठेवतो.

एल वन (निवृत्त)

थट्टा करा. पण ते ३६ जणांचं प्रकरण मलाही पटलेलं नाही. भाव आधी ठरवून घासाघीस करणं वेगळं आणि माल घेऊन झाल्यावर बिलातून कापणं वेगळं. दुसऱ्याला आमच्या खात्यात चोरी म्हणायचे. तुमची चौथी कड... तो पर्चेसवाला इन्सर्ट मोजत होता तेव्हाच चुकला. मोजायची ती पिन.

सेक्टर सात

हे वाक्य पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी बोलायला हवं होतं. असो. उशिरा का होईना.

जुना पाना

चला, या दोघांचं जमलं. पंत, आपलं जमेल असं दिसत नाही. ग्रुपवर ती 'कर्म' वाली पोस्ट तेवढी खाली घे.

टर्बो पंत

घेत नाही. 'कर्म' शब्द काढतो. बाकी राहील.

सुभेदार (नि.)

चार दिवस वाचतो आहे. शॅकल पिनबद्दल कोणी बोललेलं नाही.

सेक्टर सात

सुभेदार साहेब, जुनी पिन आणि बुश कुरिअरने पाठवा. मापं घेतो, ईएन-८ पोलादात करून, हार्ड करून देतो. चार नग करतो, एकासाठी मशीन लावणं परवडत नाही. नव्वद दिवसांचं क्रेडिट मिळणार नाही.

एल वन (निवृत्त)

सुभेदार, तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या.

सुभेदार (नि.)

घेणार नाही. पिन निघाली आहे.