मदत हवी आहे: खरीप बटाट्याचं बेणं सडतंय, काय बदलू?

नमस्कार मंडळी. आमची सातगाव पठारावर (ता. आंबेगाव, जि. पुणे) दोन एकर जिरायत आहे. खरिपात बटाटा, पिढ्यान्‌पिढ्या. पण पावसाचं गणितच बिघडलंय. यंदा लागवडीला वाफसा (पेरणीजोगी ओल) मिळेना, नंतर झड लागली ती थांबेना. सरीत पाणी साचून कापलेलं बेणं जागेवरच सडलं. जे उगवलं त्यावर करपा रोग. फवारणी केली की पाऊस, सगळं धुऊन जातं. औषधावर किती ओतायचं आणि जमिनीचं काय होणार, याची खरंच काळजी वाटते.

रात्री १८ ते २० अंशांच्या पुढे उकडत राहिल्या की बटाटा नीट पोसत नाही. म्हणून उष्णता सोसणाऱ्या ‘कुफरी सूर्या’ या बटाट्याच्या वाणाचा विचार करतोय. पठारावर खरिपात कुणी लावलाय का? खात्रीचं बेणं कुठे मिळतं? न कापता अख्खं, लहान बेणं लावून सड कमी होते का? आधी ताग हिरवळीचं खत म्हणून गाडून बेवड केलेल्यांचा अनुभवही हवाय. वरंबा उंच ठेवायचा तर मातीची भर कधी लावता?

घरचे म्हणतात, बटाटा सोडून सोयाबीन कर. मला सोडायचा नाही.