पॉम्पस कोण, प्रिटेन्शस कोण?

पंचवटीतून विचारणा : अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. 'पॉम्पस', 'प्रिटेन्शस', 'बॉम्बास्टिक', 'स्नॉब' हे सगळे शब्द मुलं एकाच माळेत ओवतात आणि मराठीत सगळ्यांना 'शिष्ट' म्हणून मोकळी होतात. 'बॉम्बास्टिक' म्हणजे बॉम्बसारखं दणदणीत, म्हणजे छानच, असंही काहींना वाटतं. नेमका फरक कसा समजावू?

गंगापूर रोडवरून : ताई, आधी पहिल्या दोघांतला फरक पक्का करून घ्या. मुलं सर्वांत जास्त गल्लत तिथेच करतात.

'पॉम्पस'च्या मुळाशी ग्रीक 'पॉम्पे' आहे. अर्थ मिरवणूक. तोच शब्द लॅटिनमध्ये 'पॉम्पा' झाला. आपल्या मुलांना हे चटकन कळेल, कारण मराठीतही मिरवणूक आणि मिरवणं एकाच घरातले आहेत. सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुका निघतात, निशाणं, छत्रं, वाद्यं असतात. त्या थाटाला इंग्रजीत 'पॉम्प' म्हणतात आणि त्यात वाईट काही नाही. माणूस एरवीही आपलीच मिरवणूक चालल्यासारखा वागू-बोलू लागला की तो पॉम्पस. 'टेंभा मिरवणे' हा आपला वाक्प्रचार इथे अगदी नेमका बसतो. टेंभा म्हणजे मशाल. ती पुढे धरूनच मिरवणूक निघायची.

आता महत्त्वाचं. पॉम्पस माणसाकडे ते पद, ती पदवी, तो अनुभव खरोखर असू शकतो. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की 'माझ्या कारकिर्दीत' अशी सुरुवात करणारे निवृत्त साहेब घ्या. कारकीर्द खरी असते, टाकीशी तिचा संबंध नसतो. प्रिटेन्शस माणूस मात्र नसलेलं दाखवतो. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे 'पुढे ताणून धरणे'. मराठीत आपण म्हणतो 'आव आणणे'. नाशिककरांना जवळचं उदाहरण द्यायचं तर वायनरीत पेला गोल गोल फिरवत चवीच्या छटांवर प्रवचन देणारा, पण द्राक्षांच्या दोन जातींतला फरक न कळणारा पाहुणा. तो प्रिटेन्शस. द्राक्षबागेत आयुष्य घालवलेला माणूस तेच तोऱ्यात, समोरच्याला कमी लेखत सांगू लागला, तर तो पॉम्पस होईल, प्रिटेन्शस नाही.

वापरातला आणखी एक फरक आहे. हॉटेल, चित्रपट, कविता, घराची सजावट हे सगळं प्रिटेन्शस असू शकतं. 'पॉम्पस' बहुतेकदा माणसाला, त्याच्या बोलण्याला किंवा सुराला लागतं.

'बॉम्बास्टिक'चा बॉम्बशी काहीही संबंध नाही. 'बॉम्बास्ट' म्हणजे कापसाचा भराव. सोळाव्या शतकात इंग्लंडमधले पुरुष अंगरख्यात असा भराव घालून छाती फुगीर दाखवत. तिथून तो शब्द फुगवलेल्या भाषेला लागला. 'फस्टियन' हे जाड्याभरड्या कापडाचं नाव, तेही याच वाटेने पोकळ भाषेसाठी वापरात आलं. मराठीत 'शब्दबंबाळ' म्हणा. माणसापेक्षा भाषेला हा शब्द जास्त शोभतो.

येवल्याहून : पण सर, कापडावरून आपणही भाषेला 'भरजरी' म्हणतो आणि ती स्तुती असते. मग 'बॉम्बास्टिक' नेहमी निंदाच का?

गंगापूर रोडवरून : जरीची तार पैठणीच्या विणीतच असते, ती त्या वस्त्राचा भाग असते. भराव आतून कोंबलेला. कुसुमाग्रजांची भाषा अनेकदा भरजरी आहे, पण त्यातला शब्द काढला तर ओळ उसवते. बॉम्बास्टिक भाषणातले निम्मे शब्द काढले तरी अर्थाला धक्का लागत नाही. हीच परीक्षा मुलांना द्या.

बाकीचे थोडक्यात. 'सेस्क्विपिडेलियन' हे रोमन कवी होरेसच्या 'दीड फुटी शब्द' या प्रयोगातून आलं. आपल्या 'दीडशहाणा'ची आठवण होते खरी, पण तो माणसाबद्दल आहे आणि हा शब्दांच्या लांबीबद्दल. 'पेडँट'चं ज्ञान खरं असतं, तो फक्त बारकाव्यांना चिकटून बसतो. सरकारी परिपत्रकाच्या अगम्य भाषेला 'गॉबलडीगूक' हा शब्द १९४४ मध्ये मॉरी मॅव्हरिक या अमेरिकी राजकारण्याने टर्की पक्ष्याच्या आवाजावरून घडवला. 'शिष्ट' सर्वांत जवळ जातो तो 'स्नॉब'ला, जो इतरांना आपल्यापेक्षा खालचा समजतो. 'स्नॉब' हे 'कुलीन नसलेला' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचं लघुरूप आहे, ही लोकप्रिय गोष्ट खरी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ चांभार असा होता.

पंचवटीतून : सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडची काही मुलं निबंधात फार जड इंग्रजी लिहितात. वर्गातली बाकीची मुलं त्यांना 'प्रिटेन्शस' म्हणून चिडवतात. तो शब्द बरोबर आहे का?

गंगापूर रोडवरून : मुळीच नाही, आणि हे वर्गात मोठ्याने सांगा. 'प्रिटेन्शस' म्हणायला आव आणण्याचा हेतू लागतो. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसताना अर्जाच्या नमुन्यांतून आणि जुन्या गाईडांतून ज्याने इंग्रजी मिळवली, तो तीच लिहिणार. त्याला दुसरी कुणी दिलेलीच नाही. अशा वाक्याला 'स्टिल्टेड' म्हणतात, म्हणजे उंच काठ्यांवर पाय ठेवून चालल्यासारखं, अवघडलेलं. हा शब्द वाक्याबद्दल बोलतो, मुलाच्या स्वभावावर शेरा मारत नाही. वहीत जड शब्दाखाली रेघ मारा आणि शेजारी साधं क्रियापद लिहून द्या.