‘तीन दिवस झाले, लाईन बदला’: हा नियम ठेवायचा की मोडायचा?

गुलाबीवीस

हातातली सलाईनची लाईन ७२ तास झाले की काढायची आणि दुसऱ्या हाताला नवी टाकायची, हा शिरस्ता मुंबईतल्या बऱ्याच वॉर्डांत अजून चालू आहे. शीर मऊ आहे, लाली नाही, फ्लश (नळी मोकळी ठेवायला ढकललेलं सलाईन) सुरळीत जातोय, तरी पट्टीवरची तारीख उलटली म्हणून नवा टोचा. माझं स्पष्ट मत आहे की प्रौढ रुग्णांसाठी हा नियम काढून टाकावा. दर पाळीला लाईन तपासावी, बिघडली की त्याच वेळी काढावी, काम संपलं की तेव्हाच काढावी.

२०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांतली चाचणी छापून आली. ३,२८३ प्रौढ रुग्ण. एका गटात ठरलेल्या दिवशी लाईन बदलली, दुसऱ्यात लक्षण दिसलं तरच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, शंभरात सात. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) अशा नऊ चाचण्या आणि ७,४१२ रुग्ण आहेत, निष्कर्ष त्याच बाजूचा. लहान मुलांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०११ मध्येच सांगितलं की कारण असेल तेव्हाच बदला.

‘तपासावी’ म्हणजे नुसतं लांबून बघणं नव्हे. व्हिप स्कोअर, म्हणजे शीर किती सुजली हे मोजायचं माप, वापरा, ० ते ५. जागा स्वच्छ असेल तर ०. किंचित दुखणं किंवा किंचित लाली, यातलं एक असेल तर १, लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यातलं दोन असेल तर २, आणि इथेच लाईन काढायची. ३ ला शिरेच्या वाटेवर दुखतं आणि जागा कडक लागते, ४ ला शीर दोरीसारखी हाताला लागते, ५ ला ताप येतो. ४ आणि ५ पर्यंत कोणी पोचलं तर आदल्या दोन-तीन पाळ्यांत कोणी हात लावून पाहिलंच नाही, असं खुशाल समजावं.

आणि तारखेच्या नियमाचा खरा तोटा कोणी बोलत नाही. दुसऱ्याच दिवशी हात सुजू लागला तर ‘उद्या बदलायचीच आहे’ म्हणून ढकललं जातं. अँटिबायोटिक गोळीवर आलं, सलाईन बंद झालं, तरी लाईन हातात तशीच, कारण तिसरा दिवस उजाडायचाय. २४ तासांत लाईनला काही जोडलं नसेल तर ती काढायची, एवढं एक जरी पाळलं तरी अर्धं काम होतं.

रातपाळी

गुलाबीवीस ताई, कागदावर सगळं पटतं. पण ‘दर पाळीला तपासून’ हे शब्द तुम्ही फारच सहज लिहिलेत. तपासणार कोण?

भारतीय परिचर्या परिषदेच्या हिशेबाने शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या मेडिसिनच्या वॉर्डात रात्री जाऊन मोजा. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये गादीवर रुग्ण, त्यांना खाटेचा नंबरसुद्धा नसतो. सिस्टर दोघी, कधी एकटी. दहाची इंजेक्शनं संपेपर्यंत बारा वाजतात. नवीन ॲडमिशन येत असतात, कोणाचं ऑक्सिजन, कोणाची शुगर. अशा वेळी पट्टीवर पेनाने लिहिलेली तारीख ही एकच गोष्ट चार पावलांवरून वाचता येते. ती काढलीत तर हातात काय उरलं?

दुसरं, त्या क्वीन्सलँडच्या चाचणीत संशोधनाच्या नर्स रुग्णाला रोज भेटत होत्या. म्हणजे ज्या देखरेखीमुळे निकाल सारखा आला, तीच आपल्याकडे नाही. औषध परदेशातून आणायचं आणि पथ्य तिथेच ठेवून यायचं, असं झालं हे.

तिसरं, जिनिव्हाचं काय? तिथल्या विद्यापीठ रुग्णालयांनी एप्रिल २०१८ पासून ९६ तासांचा नियम सोडला आणि ‘गरज पडेल तेव्हा’ वर गेले. दीड वर्षात लाईनमुळे रक्तात जंतुसंसर्ग झालेले ४६ रुग्ण. त्याआधीच्या सव्वादोन वर्षांत ११. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुकाट जुन्या नियमावर परत. हे २०२१ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलंय. स्वित्झर्लंडमध्ये ही गत, तर परळ-सायनला काय होईल?

हिशेबी

दोघींनीही आपापल्या सोयीचा अर्धा कागद वाचलाय.

जिनिव्हाचे ते ४६ सुमारे १ लाख ३० हजार लाईनींमधले आहेत. दर दहा हजारांमागे साडेतीन. आधी हेच दहा हजारांमागे ०.५ च्या आसपास होतं, म्हणजे वाढ सातपट, आणि ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मात्र तो अभ्यास ‘आधी आणि नंतर’ची तुलना आहे, रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिलेले नव्हते. मधल्या काळात बाकी काय बदललं हे त्यातून पूर्ण सुटत नाही. उलट बाजूने, चाचण्यांमध्ये सात-आठ हजार माणसं. दहा हजारांत तीन घडणारी गोष्ट तिथे दिसणारच नाही. म्हणजे शीर सुजण्याबद्दल चाचण्यांवर विश्वास ठेवा, रक्तातल्या संसर्गाबद्दल त्या गप्प आहेत.

कॉक्रेनमधलं एक वाक्य गुलाबीवीस ताईंनी गाळलंय. गरजेनुसार बदलण्याच्या गटात औषध शिरेबाहेर झिरपणं आणि लाईन चोंदणं किंचित जास्त आहे. जगबुडी नाही, पण आहे.

आता माझं म्हणणं. तिसऱ्या दिवशी काय करायचं यावर भांडण्याआधी पहिल्या पाच मिनिटांत काय होतं ते बघा. लाईन बिघडण्याची बहुतेक कारणं तिथेच तयार होतात.

पालिकेच्या रुग्णालयात लाईन बरेचदा इंटर्न टाकतो, खाजगीत सिस्टर. दोघांनाही मनगट आणि कोपराचा खळगा आवडतो, कारण शीर चटकन सापडते. पण सांध्यावर टाकलेली लाईन हात वाकला की आतून शिरेला घासत राहते. हाताच्या पुढच्या भागावर, सांध्यापासून दूर टाका. साध्या अँटिबायोटिकसाठी हिरवी १८ नंबर कशाला? (नंबर जेवढा कमी तेवढी सुई जाड.) निळी २२ पुरते, बहुतेकांना गुलाबी २० पेक्षा जाड लागत नाही. सुई जेवढी जाड तेवढं शिरेत तिच्या भोवतीने वाहणारं रक्त कमी, औषध पातळ होत नाही, शीर भाजते.

कातडी क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने ३० सेकंद चोळायची आणि वाळू द्यायची. वाळण्याआधी टोचलं तर चोळणं फुकट. एकदा पुसल्यावर ‘शीर कुठे गेली’ म्हणून पुन्हा बोट लावायचं नाही. हे सगळ्यांना पाठ आहे आणि रोज मोडलं जातं.

माहीमची_खाडी

हिशेबी, जून ते सप्टेंबरचं काय करायचं ते पण सांगा. वॉर्डात पंखे, एसी नाही, रुग्णाला घाम. पारदर्शक पट्टी दुपारपर्यंत कडेने सुटते. मग वरून चिकटपट्टीचे चार वेढे मारले जातात आणि खाली काय शिजतंय ते सोमवारी कळतं.

हिशेबी

घाम आधी कोरड्या गॉजने टिपा, कातडी पूर्ण वाळू द्या, मगच पट्टी. पट्टी ताणून लावायची नाही, मध्यभागी दाबून कडेकडे हात न्यायचा. टोचलेल्या जागेवर पारदर्शक भाग आलाच पाहिजे, चिकटपट्टी फक्त नळीवर. पट्टी ओली झाली, सुटली की बदला, लाईन नव्हे. पारदर्शक पट्टी स्टोअरला संपली असेल तर निर्जंतुक गॉज आणि कागदी टेप, पण मग रोज उघडून बघणं आलं. हाताभोवती पूर्ण वेढा मारू नका, सूज आली की तोच करकोचा होतो.

गुलाबीवीस

रातपाळी, मनुष्यबळाचा मुद्दा मान्य. तो तर पुराव्यानेच सिद्ध आहे. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा जामा या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास घ्या. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हा कागद घेऊन प्रशासनाकडे जायला हवं, त्यावर वाद नाही.

पण जिथे माणसं कमी, तिथे नियमाने जास्तीचं काम का वाढवायचं? चांगली चाललेली लाईन बदलायला हात धुणं, ट्रे, शीर शोधणं, पट्टी, नोंद मिळून पंधरा मिनिटं धरा. म्हाताऱ्या किंवा डायलिसिसच्या रुग्णाला दोन-तीनदा टोचावं लागलं तर अर्धा तास. तपासायला अर्धं मिनिट लागतं आणि ते वेगळं काढावं लागत नाही. इंजेक्शन देताना तुम्ही त्या हातापाशी उभ्याच असता. दुखतंय का विचारा, शिरेवरून बोट फिरवा, दुसऱ्या हाताशी ताडून बघा, मग सिरिंज जोडा.

रातपाळी

सिरिंज जोडण्याचंच घ्या मग. फ्लशसाठी काय वापरतात? ५०० मिलीची सलाईनची बाटली, तिच्यात सुई खोचून ठेवलेली, अख्ख्या वॉर्डाला दिवसभर त्यातूनच. कापसाचे बोळे स्पिरिटच्या भांड्यात सकाळी भिजवलेले, संध्याकाळी वरून थोडं स्पिरिट ओतलं की झालं. लाईनचं तोंड १५ सेकंद चोळा म्हणतात, प्रत्यक्षात एकदा बोळा टेकवला की पुढे. जिथे हे चाललंय तिथे लाईन पाच-सहा दिवस ठेवायची म्हणजे जंतूंना आणखी दोन-तीन दिवस दार उघडं ठेवायचं. त्यासाठीच मला तारीख हवी.

हिशेबी

इथे रातपाळींचं म्हणणं वजनदार आहे. पण त्यावर उपाय तारीख हा नाही, ती खोचलेली सुई काढणं हा आहे. १० मिलीची प्लास्टिकची ॲम्प्यूल, एका रुग्णाला एक, उरलं तर टाकून द्यायचं. सिरिंज १० मिलीचीच, कारण २ मिलीच्या सिरिंजने दाब फार जास्त पडतो. थोडं ढकला, थांबा, थोडं ढकला. जोर लावावा लागला तर लाईन चोंदलीय, ती काढायची. दाबून ‘चालू करणं’ म्हणजे गुठळी पुढे ढकलणं.

आणि औषधं. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम निदान २०० मिलीत आणि निदान तासभर. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) टाकलं की त्याचे कण बनतात, त्याला साधं सलाईनच. सेफ्ट्रिआक्सोन रिंगर लॅक्टेटच्या लाईनमधून द्यायचं नाही, त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो. पोटॅशियम हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नको. सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे ‘सलाईन किती हळू चाललंय’ म्हणत रोलर फिरवणारे नातेवाईक. पोटॅशियमच्या बाटलीवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात ‘हात लावू नये’ लिहा, मराठीत आणि हिंदीत.

शंकासुर

आम्ही ते रोलरवाले नातेवाईक. मग आम्ही काय करायचं ते तरी सांगा. सिस्टरना सारखं बोलावलं की रागावतात.

गुलाबीवीस

चार गोष्टींसाठी बोलवा, रागावल्या तरी बोलवा. टोचलेल्या जागी दुखतंय किंवा आग होतेय. लाल झालंय. हात फुगलाय, गार लागतोय किंवा कातडी ताणून चकचकीत झालीय. पट्टी ओली किंवा सुटलीय. आणि रोज सकाळी राउंडला एक प्रश्न विचारा: ‘ही लाईन अजून लागणार आहे का?’ रोलरला हात नको.

माहीमची_खाडी

सुजलेल्या हातावर ग्लिसरीन-मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेटची) घडी ठेवतात, त्याला पुरावा आहे का? की तीही परंपराच?

हिशेबी

आपल्याकडचे छोटे अभ्यास आहेत, सूज उतरते म्हणणारे. पण गट लहान आणि मोजणाऱ्याला कोणाला काय लावलंय हे माहीत असतं, त्यामुळे फार भर देऊ नये. लावायला हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर. चूक होते ती वेगळीच: लाईन तशीच ठेवून तिच्या शेजारी घडी. आधी लाईन काढा, हात उशीवर उंच ठेवा, मग घडी. आणि नॉरॲड्रेनॅलिनसारखं (रक्तदाब वाढवणारं) औषध बाहेर झिरपलं असेल तर हे घरगुती उपाय नकोत. औषध थांबवा, फ्लश करू नका, सिरिंजने जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढा, मगच लाईन काढा आणि डॉक्टरांना तिथेच बोलवा.

इन्चार्ज_सात

सगळे वॉर्ड एका मापाने मोजू नका एवढंच म्हणते. आयसीयू, एचडीयू (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा विभाग) आणि चार-पाच रुग्णांमागे एक सिस्टर असलेले खाजगी मजले यांनी आजच तारीख सोडावी. पालिकेच्या जनरल वॉर्डात तारीख राहू द्या, पण वरची मर्यादा म्हणून ९६ तास, आणि त्याआधी व्हिप २ आला की काढायचीच. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) किंवा १०८ रुग्णवाहिकेत घाईत टाकलेली लाईन दोन्हीकडे ४८ तासांच्या आत बदलायची, कारण तिथे कातडी किती पुसली याची खात्री कोणी देत नाही. तिच्या पट्टीवर तारखेबरोबर कॅज्युअल्टीचा ‘क’ लिहा, म्हणजे वॉर्डात आल्यावर शोधाशोध नको.

रातपाळी

९६ तासांची मर्यादा असेल तर मी विरोध मागे घेते, तेही अर्धाच. हँडओव्हरच्या (पाळी बदलतानाच्या) वहीत व्हिपचा वेगळा रकाना आला की दोन आठवड्यांत सगळीकडे शून्य-शून्य भरलेलं दिसेल, न बघता. म्हणून आधी एक महिना नियम न बदलता मोजा. आठवड्यातून एकदा, न सांगता, दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टरने येऊन सगळे हात बघायचे: किती लाईनी, किती सांध्यावर, किती विनाकारण राहिलेल्या, किती व्हिप २ च्या वर. वहीतला आकडा आणि तिचा आकडा जुळला, तर त्या वॉर्डाची तारीख काढा.

गुलाबीवीस

मोजणी मान्य. फक्त ‘विनाकारण राहिलेल्या’ लाईनी महिनाभर मोजत बसायचं नाही, दिसली की त्याच दिवशी काढायची.