मदत हवी आहे : कोफिलिन हे प्रथिन पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे तंतू तोडतं, मग पेशी पुढे कशी सरकते?

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींवर चालू आहे आणि गाडी एका जागी रुतली आहे.

फॅसिन हे प्रथिन समजलं. अ‍ॅक्टिनच्या तंतूंची जुडी बांधतं, जुडी ताठ राहते, पेशी बोटं बाहेर काढते. बहुतेक निरोगी एपिथेलियममध्ये (अवयवांच्या अस्तरात) ते जवळपास नसतं, अनेक कार्सिनोमांत (अशा अस्तरातून उठणाऱ्या कर्करोगांत) वाढतं, सरळ हिशेब. कॉर्टॅक्टिन हे प्रथिनही ठीक, अ‍ॅक्टिनच्या जाळ्यातल्या फांद्यांचे सांधे टिकवतं.

घोडं अडतं कोफिलिनपाशी. तंतू तुटला की नवी मोकळी टोकं मिळतात आणि तिथून वाढ होते, इथवर पटलं. पण लिम-कायनेज हे एन्झाइम कोफिलिनच्या ३ नंबरच्या सेरीनवर (एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट चिकटवून त्याला बंद करतं, आणि आक्रमक पेशींत हे कायनेजही वाढलेलं आढळतं. मग ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम कसे दाबले जातात? पेशीत कुठे आणि कधी, यावर सगळं असावं असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

दुसरं. चमकत्या जिलेटिनवर पेशी ठेवल्या की जिथे त्यांनी जिलेटिन पचवलं तिथे खाली काळे ठिपके दिसतात (पहिल्यांदा मला ती धूळच वाटली होती!). पण काही ठिपक्यांवर फॅलॉइडिनचा (अ‍ॅक्टिनच्या तंतूंना चिकटणाऱ्या द्रव्याचा) रंग नाहीच. कोफिलिन बसलेल्या तंतूंना फॅलॉइडिन चिकटत नाही म्हणून, की इन्व्हाडोपोडियम (पेशीचं जिलेटिन पचवणारं बोट) तोवर मोडून गेलं म्हणून? हे वेगळं कसं ओळखायचं? कॉर्टॅक्टिनचा अँटिबॉडी जोडीला लावू का?

शुक्रवारी सादरीकरण आहे. कुणी हे हाताने केलं असेल तर प्लीज सांगा.